अटी, शर्ती आणि व्हय महाराजा

॥ श्री ॥

पावस, जि. रत्नागिरी
१८ जानेवारी २०२५

चि. अवनीस लीलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. सोबत तिळगूळ आहे. तो घे आणि गोड बोल, पण बोलायला फोन करू नको. माझा फोन तांदळाच्या डब्यात आहे. दिवाळीआधी कोणी एक मेला फोनवर मला आई आई म्हणत माझ्या खात्याचे आकडे विचारत होता. पोटचा मुलगा असता तर त्यानेसुद्धा एका दमात इतक्या वेळा आई म्हटलं नसतं. तेव्हाच ठरवलं, की यापुढे गोड बोलणं कानांनी ऐकायचं नाही. काय सांगायचं ते कागदावर लिही, मी चष्मा लावून दोनदा वाचीन. दादालाही हेच कळवलंय. तुझा बाप म्हणाला, म्हातारी बिघडली. बिघडू दे.

आता बातमी. बागेपलीकडच्या वाडीतली यमुनाबाई आणि मी मिळून वाळवणघर बांधायला काढलंय. तीच यमुना, जिच्या हातची आंबापोळी तू लहानपणी उशीखाली लपवायचीस आणि रात्रभर मुंग्या तुला फोडून काढायच्या. दरवर्षी आम्ही अंगणात ताटं मांडतो आणि वळवाचे दोन थेंब पडले की पदर खोचून धावतो. दोघींचे गुडघे आता धावण्याला नकार देतात. म्हणून खाली चिऱ्याचं जोतं, वर ऊन आत येईल असे पारदर्शक पत्रे, बाजूंनी जाळी. मिस्त्री म्हणतो, आंब्याच्या आत उभं करून देतो. यमुनाने चिरे आणून टाकलेसुद्धा. पत्रे आणि मजुरी माझ्याकडे.

आणि इथेच घोडं पेंड खातंय. सागाची झाडं विकल्याचे पैसे मी तुळशीचं लग्न झाल्यावर नाक्यावरच्या बँकेत एफडीत ठेवले होते. म्हणजे माझी समजूत होती, की एफडीत. सोमवारी काढायला गेले तर खिडकीवरचा म्हणतो, ही एफडी नव्हेच, हा तुमचा आयुर्विमा आहे. दरवर्षी तेवढेच पैसे आणखी भरायचे, आणि आत्ता सोडलं तर बहुतेक सगळे बुडाले. एकाहत्तराव्या वर्षी मला विमा! पैसे कधी मिळणार विचारलं, तर एक तर दहा वर्षांनी, नाहीतर मी गेल्यावर. मी त्याला विचारलं, मी गेल्यावर मिळालेले पैसे मी कुठल्या बाजारात खर्च करू?

हे मला विकलं कोणी, ते ऐक आणि कुणाला सांगू नको. शमिकाने. यमुनाच्या सुनेने. गुणी पोर आहे गो. बँकेत लागली तेव्हा आम्ही वाडीभर पेढे वाटले होते. तिने सांगितलं, आत्या, एफडीसारखंच आहे, उलट जास्त मिळेल. मी तिच्या तोंडाकडे बघून सही केली. कागद इंग्रजी, अक्षर मुंगीच्या पायाएवढं. फोनचा नंबर मागितला तर मी म्हटलं, तो तांदळात. तेव्हा तिने स्वतःचाच घातला. पॉलिसीचा कागद मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही.

यमुनाला यातलं काही ठाऊक नाही. पैसे नाहीत म्हटलं तर वाळवणघर गेलं, आणि का नाहीत ते सांगितलं तर यमुना गेली. चाळीस वर्षांची मैत्रीण आहे माझी. मला रडू आलं, अवनी. चुलीपाशी बसून रडले, म्हणजे कोणी विचारलं तर धुराचं नाव सांगता येतं.

तू तिथे ग्राहकांच्या संघटनेत असली कामं करतेस म्हणून लिहिलं. तक्रारबिक्रार मला करायची नाही. पोरीची नोकरी जायला नको. नुसतं तुझ्यापाशी गाऱ्हाणं.

माझा लोभ तुझ्यावर आहेच, त्यावर व्याज चढत राहो. तेवढं तरी खात्रीचं.

तुझी,
लीलाआत्या

---

मुंबई
२७ जानेवारी २०२५

ती. लीलाआत्यास अवनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि आधी हसले, मग इतकी संतापले की चहा तसाच राहिला. तू एकटी नाहीस गं. आमच्याकडे रोज अशी माणसं येतात. एफडी करायला गेलेले आजोबा विमा घेऊन परत येतात. यात निवृत्त लोक जास्त, कारण त्यांच्या खात्यात पैसे असतात आणि समोरच्याला ते दिसतात. आम्ही याला चुकीची विक्री म्हणतो. आमच्याकडचा वकील उन्मेष सरळ फसवणूकच म्हणतो.

शमिकावर रागावू नको हे तुला सांगायची गरज नाही, पण मला स्वतःला सांगायला लागलं. या पोरांना महिन्याला इतके विमे खपवा असं टार्गेट असतं. नाही खपले तर सगळ्यांदेखत बोलणी. उन्मेषच्या मते पोरीला शिक्षा करून काही होत नाही, तिच्या जागी दुसरी पोर येते. नियम बदलायला हवा. बँकांवर देखरेख करणाऱ्यांनी सध्या नव्या नियमांचा मसुदा लोकांपुढे ठेवलाय आणि सूचना मागवल्यात. आमच्या मागण्या साध्या आहेत. विम्याला विमा म्हणा. जे तोंडाने सांगता तेच गिऱ्हाइकाच्या भाषेत कागदावर द्या. माणसांच्या मानेवर टार्गेट ठेवू नका. आणि चुकीचं गळ्यात मारलं असेल तर पैसे पुरते परत करा. उन्मेष गेले दोन महिने याच्यामागे जेवणखाण विसरलाय.

आता तुझ्या कामाचं. विम्याचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत तो परत करता येतो, असा नियम आजही आहे. तुझ्या हातात तो पडलेलाच नाही, म्हणजे तुझे दिवस सुरूच झाले नाहीत. उन्मेष म्हणाला, आत्याबाईंचा फोन तांदळात आहे हे फार उत्तम झालं, नाहीतर कागद फोनवर पोचला असं म्हणाले असते.

तक्रार हा शब्द तुला नको असेल तर नको. मग गाऱ्हाणं घाल. पण माझ्यापाशी नको, योग्य ठिकाणी आणि रीतसर. तिथला जो मुख्य असेल त्याच्याच पुढे घाल, मधल्या कुणापुढे नको. चार माणसांच्या समक्ष घाल, त्यांचाही होकार असू दे. काय सांगितलं, काय निघालं आणि तुला काय हवं, हे सगळं स्पष्ट आलं पाहिजे. शमिकाचं नाव घेतलं नाहीस तरी चालेल. तिथे दाद लागली नाही तर वरच्याकडे जायचं, ते मी बघते.

तिळगूळ संपला. निम्मा मी खाल्ला. तुझा राग जसा लवकर उतरतो तसा लोभ उतरू नये.

तुझी लाडकी,
अवनी

---

पावस
८ फेब्रुवारी २०२५

चि. अवनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अगदी पटलं. तू म्हणतेस तस्संच करते. फक्त शिमग्यापर्यंत धीर धर, त्याआधी होण्यासारखं नाही. मिस्त्रीला सांगितलंय, आधी जोतं घाल, पत्र्यांचं शिमग्यानंतर बघू. यमुना विचारते, पत्रे कधी आणायचे, आणि मी तिला आवळासुपारी देऊन विषय बदलते. आवळासुपारी संपत आली.

तुझ्या पत्रात कोणी एक उन्मेष फार येतो. त्याला जेवायला सांगत जा.

लोभ आहे तसाच, फक्त जरा घाईत.

लीलाआत्या

---

मुंबई
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

शिमग्यापर्यंत का थांबायचं ते मला कळेना. मग उन्मेष म्हणाला, बरोबर आहे, मार्चअखेर बँकांची धावपळ असते, तेव्हा गाऱ्हाणं गेलं की लगेच दखल घेतात. आत्याबाई मुरलेल्या दिसतात, असंही म्हणाला. मला तुझा अभिमान वाटला.

तो जेवतो. तू त्याची काळजी करू नको.

लोभात काटकसर नको.

अवनी

---

पावस
२० मार्च २०२५

चि. अवनीस पोटभर आशीर्वाद.

अगो, घातलं गाऱ्हाणं! असं घातलं, की अजून वाडी हसत्येय.

तू लिहिलंस, मुख्याच्याच पुढे घाल. आमचा मुख्य कोण? ग्रामदेव. मधल्या कुणापुढे नको म्हणालीस, म्हणून देव्हाऱ्यातल्या गणपतीला वगळला, त्याची क्षमा मागून. चार माणसांसमक्ष, त्यांच्या होकाराने. मग ते शिमग्याशिवाय कसं होणार? पालखी अंगणात आल्याशिवाय का चार माणसं जमतात? फक्त ते वरच्याकडे जायचं तू लिहिलंस तिथे मी चरकले. मला एवढ्यात वर जायचं नाही, वाळवणघर व्हायचंय.

आता तू कपाळाला हात लावला असशील, की मी बँकेतल्या मॅनेजरबद्दल म्हणत होते. असशीलही. पण तुझ्या पत्राचा तो परिच्छेद काढून बघ, त्यात बँक हा शब्द कुठे आहे? कागदावर असेल तेच खरं, असं तुझीच संघटना सांगते ना? मग?

तर ऐक. पालखी आली, ढोल वाजले, पोरांनी पालखी अशी नाचवली की माझ्या तुळशीचा एक चिरा हलला. मी ओटी भरली, नारळ ठेवला. शिवा गुरवाला आदल्या दिवशी घरी बोलावून सगळं समजावून ठेवलं होतं. तू मुंबईत वाढलीस म्हणून सांगते, गुरव देवाला एकेक गोष्ट सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं व्हय महाराजा म्हणून ओरडतात. शिवाचा आवाज म्हणजे सड्यावरचा, उघड्या माळावरचा वारा. त्याने सुरुवात केली, की बा महाराजा, ही तुझी लेक लीलाबाई आज तुझ्या पायाशी आली आहे. व्हय महाराजा! तिने सागाचा पैसा एफडी म्हणून ठेवला. व्हय महाराजा! तिला सांगितलं एक आणि कागदात निघालं दुसरंच. व्हय महाराजा! जो कोणी गोड बोलून माणसाची सही घेत असेल, त्याला तू सुबुद्धी दे, त्याचं वाईट करू नको. हे मी मुद्दाम घालायला लावलं होतं, कारण शिवाला शाप देण्याची भारी हौस. आणि लेकीचा अडकलेला पैसा आंब्याच्या आत सोडव. व्हय महाराजा!

या शेवटच्या होकारात एक आवाज सगळ्यांच्या वर होता. मी वळून बघते तर बँकेचे मॅनेजरसाहेब! सांगलीकडचे आहेत, नवेच आलेत, शिंप्यांच्या घरात भाड्याने राहतात. पालखी बघायला म्हणून हातात नारळ घेऊन उभे. शिवा बोलतो ते त्यांना अर्धं कळत नव्हतं, सगळे ओरडतात म्हणून तेही ओरडत होते, आणि तब्येतीत ओरडत होते. राजाभाऊ मास्तरांनी त्यांच्या कानात सांगितलं, साहेब, तुम्ही आत्ता लीलाबाईंचे पैसे परत द्यायला देवापुढे होकार दिलात. साहेबांच्या हातातला नारळ सुटला तो थेट राजाभाऊंच्या पायावर. सगळं अंगण हसत सुटलं. पालखीसुद्धा हलत होती, कारण भोई हसत होते.

आणि मग हसणं थांबलं. शमिका पुढे आली. तिने पालखीला डोकं टेकलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की हे आत्यांना मी दिलं. मला शिकवताना एफडीसारखंच आहे असं सांगितलं होतं, मी तेच पुढे सांगितलं. वेळणेश्वरला माझ्या आईच्या नावावरही मी हेच घेतलंय, आणि गेला महिनाभर तो कागद वाचायचा प्रयत्न करत्येय. मी तिला जवळ घेतली.

मग राजाभाऊ लंगडत पुढे आले. त्यांचंही तसंच झालंय. जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि सही करताना कागद वाचला नाही, याची लाज वाटून बायकोलासुद्धा बोलले नव्हते. त्यांच्यामागून आणखी दोघं. माझ्या अंगणात फसलेल्यांची रांग लागली, आणि गंमत म्हणजे जो तो हलका होऊन हसत होता. आपण एकटेच मूर्ख नाही हे कळलं, की केवढा आधार वाटतो गो!

यमुना एका बाजूला उभी होती. ती आली ती माझ्यावरच तुटून पडली. पैशाचं जळू दे, सुनेचं मी बघून घेईन, पण दोन महिने माझ्यापासून लपवलंस ते का? मी काय परकी? आणि ती आवळासुपारी मला आवडत नाही, तुझ्या तोंडाकडे बघून खात होते. मग दोघी रडलो. या वेळी चूल नव्हती, त्यामुळे सरळच रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसाहेब घरी आले. म्हणाले, देवापुढे बोलून बसलोय, आता लिहून द्या. शमिकाने मराठीत लिहिलं, राजाभाऊंनी व्याकरण तपासलं, मी सही केली. पोच मागितली, शिक्क्यासकट. साहेब म्हणाले, पैसे देणं विमा कंपनीच्या हातात, पण मी मागे लागतो. टार्गेट त्यांनाही आहे म्हणे. मी त्यांना फणसपोळी दिली.

पत्र लांबलं. लोभही असाच लांबत जावा.

लीलाआत्या

---

मुंबई
२८ मार्च २०२५

ती. आत्यास साष्टांग, अगदी जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार.

तो परिच्छेद काढून बघितला. बँक हा शब्द खरंच नाही. हरले. उन्मेषने तुझं पत्र सगळ्या ऑफिसला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि व्हय महाराजा म्हणायला शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे. शेजारच्या ऑफिसातले लोक चौकशीला आले. पण तुला खरंच कळलं नव्हतं का गं, मी काय म्हणत होते ते? एकदा खरं सांग.

शमिकाचं मात्र सगळ्यांनी पुन्हा वाचायला लावलं. तिला म्हणावं, तू जे केलंस ते करायला मोठमोठ्यांची छाती होत नाही. तिच्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून उन्मेषने तुम्हा सगळ्यांसाठी विमा कंपनीला पाठवायच्या अर्जांत एक वाक्य घातलंय, की दोष शिकवणाऱ्यांचा आणि टार्गेटचा आहे.

आता पुढचं. अकरा एप्रिलला रत्नागिरीत ग्राहक मेळावा आहे. मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला अधिकारी येणार आहेत. तू बोलायचंस. मला त्या दिवशी इथे सुनावणी आहे, म्हणून उन्मेष येईल. तो तुझ्याकडे उतरला तर चालेल का? नाहीतर लॉजवर राहील.

लोभाची पोच मिळावी, शिक्क्यासकट.

अवनी

---

पावस
१४ एप्रिल २०२५

चि. अवनीस आशीर्वाद, आणि कानपिचकी.

लॉजवर राहील म्हणे! माझं घर काय पाडलंय? पोरगा इथेच राहिला. त्याने सोलकढी वाटीने सुरू केली आणि पातेल्याशी संपवली. नाकाचा शेंडा वर असलेला वकील येईल असं वाटलं होतं, पण हा यमुनेच्या हाताखाली चिरे उचलायला गेला आणि बोट चेचून घेतलं. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईला निघाला तो आधी आरे-वारेच्या किनाऱ्यावर गेला, तिथे शिंपले वेचत बसला आणि त्याची गाडी चुकली. परत आमच्याकडे. शिंपले कुणासाठी, हे मी विचारलं नाही. मला डोळे आहेत.

आता मेळावा. सभागृह गच्च. पावसहून आम्ही सतरा जण एका टेम्पोतून. अधिकारी सज्जन होते, पण त्यांनी पडद्यावर जे दाखवलं ते सगळं इंग्रजीत. लोक पंख्यांकडे बघत होते. मग उन्मेषने माझं नाव पुकारलं. तुझ्या आत्याने आयुष्यात फक्त हळदीकुंकवाला भाषण केलेलं, तेही नाव घेण्यापुरतं. यमुनेने मागून ढकललं, अक्षरशः.

मी अधिकाऱ्यांना म्हटलं, साहेब, तुमच्या नियमात असं लिहिलंय की गिऱ्हाइकाची संमती घ्यावी. संमती म्हणजे काय ते आमच्याकडे या, शिवा गुरवाकडून शिका. आम्ही देवाला गाऱ्हाणं घालतो ते एका दमात सगळं सांगून शेवटी एक सही, असं नाही घालत. एकेक गोष्ट मोठ्याने, सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगायची, आणि प्रत्येक गोष्टीला व्हय यायला पाहिजे. व्हय आलं नाही तर गुरवाने पुढे जायचं नाही. देवासमोर जी रीत, ती बँकेत का नको? प्रत्येक अट मराठीत वाचा. प्रत्येक अटीला आमचं व्हय घ्या. एक जरी व्हय आलं नाही, तर कागद मिटून ठेवा.

एक साहेब हसून म्हणाले, की करून दाखवा. त्यांना वाटलं, म्हातारी खाली बसेल. मी शमिकाला वर बोलावलं. तिने माझ्याच पॉलिसीचा कागद मराठी करून आणला होता. पहिली अट, या योजनेचं नाव अमुक अमुक. सभागृह ओरडलं, व्हय महाराजा! पंखे हलले असतील. दुसरी, हा विमा आहे, ही ठेव नाही. थोडे व्हय आले, थोडे राहिले. तिसरी, विमाधारक बाईंनी आत्ता भरले तेवढेच पैसे दरवर्षी भरायचे. कोणी बोललं नाही. चौथी, मध्येच थांबल्यास भरलेल्या पैशांतले बहुतेक परत मिळणार नाहीत.

अवनी, एवढं मोठं सभागृह, आणि एक आवाज आला नाही. मागे कुणाचं तरी तान्हं कुरकुरत होतं तेवढंच. शमिका खूप वेळ थांबली. मग तिने कागद मिटला आणि माझ्या हातात दिला. ते साहेब हसायचे थांबले होते. त्यांनी चष्मा काढला आणि आपल्या माणसाला सांगितलं, हे जसंच्या तसं लिहून घ्या. मला म्हणाले, आपण हे लेखी द्याल का? मी लेखीच नेलं होतं. पोच मागितली. दिली.

तू विचारलं होतंस, की मला खरंच कळलं नव्हतं का. असल्या गोष्टी फोनवर विचारतात, आणि माझा फोन तांदळात आहे.

लोभ असू दे, आणि तो मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नसावी.

लीलाआत्या

---

मुंबई
२२ एप्रिल २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आमच्या सूचनांसोबत तुझीही सूचना गेली, तुझ्याच शब्दांत. उन्मेषने इंग्रजी करायला घेतली, तर व्हय महाराजाला शब्द मिळेना. मग तेवढं देवनागरीतच ठेवलं. पोच आली आहे. नियम कधी होईल, किती होईल, ते सांगता येत नाही. अशा कामांना वर्षं लागतात, आणि बँकांची बाजू मांडणारेही जोरात असतात. पण मसुदा वाचणाऱ्या कुणाला तरी त्या ओळीवर थांबावं लागेल.

शिंपल्यांबद्दल मला काही माहिती नाही. माझ्या टेबलावर काही शिंपले आहेत, ते वाऱ्याने आले असावेत.

लोभ भरतीला असावा.

अवनी

---

पावस
१२ मे २०२५

चि. अवनीस गोड गोड आशीर्वाद.

पैसे आले! पुरते आले. अक्षयतृतीयेच्या आधीच्या आठवड्यात मॅनेजरसाहेब स्वतः सांगायला आले, चप्पल न काढता ओटीवर चढले इतके खूश. मी तरी पासबुक छापून आणलं आणि चष्मा लावून दोनदा वाचलं. मिस्त्रीने पत्रे दिवसरात्र करून चढवले आणि अक्षयतृतीयेला यमुनेने पहिलं ताट आत ठेवलं. चार दिवसांनी वळीव आला गो, सणसणीत. आम्ही दोघी सवयीने पदर खोचून उठलो, आणि मग आठवलं, की धावायचं कारण नाही. तशाच उभ्या राहून पत्र्यावरचा पाऊस बघत राहिलो. यमुना म्हणाली, लीलाबाई, आता पाऊस पडो नाहीतर काय पडो. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

शमिकाच्या आईचेही पैसे सुटले. राजाभाऊंचं अडलंय, कारण त्यांच्या हातात कागद पडला होता आणि त्यांनी तो कपाटात ठेवला. त्यांचं तू बघ. शमिकाची नोकरी शाबूत आहे. आता ती प्रत्येक गिऱ्हाइकाला अटी मराठीत वाचून दाखवते, आणि म्हातारीकोतारी माणसं खिडकीपाशी व्हय महाराजा म्हणतात. साहेब ऐकून न ऐकल्यासारखं करतात. विमा पूर्वीपेक्षा कमी खपतो म्हणे, पण जो खपतो तो विमा म्हणून खपतो.

सोबत पहिल्या घाण्याची आंबापोळी पाठवत्येय. पण फुकट नाही, अटी आहेत. मराठीत, मोठ्या अक्षरात. प्रत्येक अटीला लेखी व्हय आलं पाहिजे, गप्प बसलीस तर ते नाही समजलं जाईल. पोळी उशीखाली ठेवायची नाही. मृगाच्या आत आठ दिवस इकडे यायचं आणि वाळवणघराच्या सावलीत लोळायचं. तिसरी जरा मोठी आहे. माझ्यापाशी तू होतीस म्हणून माझे पैसे आले. जिच्यापाशी अवनी नाही अशी कोणी बाई तुझ्या दारात आली, तर दमली असलीस तरी तिला परत पाठवायचं नाही. नियम होईपर्यंत नाही, आणि झाल्यावरही नाही.

आणि शेवटची अट, सगळ्यात बारीक अक्षरात, बँकेसारखी. येताना त्या शिंपलेवाल्याला घेऊन यायचं, वकील म्हणून नव्हे.

लोभाला मात्र कुठलीच अट नाही.

तुझी,
लीलाआत्या

---

मुंबई
२० मे २०२५

ती. लीलाआत्यास सा. न. वि. वि.

पहिली अट वाचली तोवर उशीखाली ठेवायला पोळी उरलीच नव्हती, म्हणून व्हय महाराजा. दुसरीला रजा मंजूर झाली, व्हय महाराजा. राजाभाऊंचा अर्ज वर पाठवलाय. घाबरू नको, त्या वर नाही, बँकांच्या तक्रारी ऐकतात त्या वर.

तिसरी अट मी ऑफिसात मोठ्याने वाचली. खूप मोठ्याने म्हणते आत्या, व्हय महाराजा.

चौथ्या अटीला व्हय म्हणायचा अधिकार माझ्या एकटीला नाही. संमती ज्याची त्यानेच द्यायची, असं तूच त्या साहेबांना शिकवलंस. म्हणून त्याला ती अट वाचायला दिली, बारीक अक्षरासकट. खालची ओळ माझ्या अक्षरात नाही. चष्मा लाव, आणि दोनदा वाच.

लोभ आता दोघांवर असावा.

अवनी

व्हय महाराजा!
उन्मेष